एतेलकाकूंची शिरगणती

एतेलकाकू याव्रिंकात आल्या तेव्हा गावात सहाशे बारा माणसं होती, त्यांना धरून. हा आकडा मला पाठ आहे. ग्रामकचेरीत मी चाळीस वर्षं कारकुनी केली, आणि जुनी दप्तरं लावताना ते पान कितीदा तरी डोळ्यांखालून गेलं. ऑक्टोबर १९६६. मेलिखोवा एतेल, वय एकवीस, विवाहाने आगमन. मेलिखोवा म्हणजे मेलिखांच्या घरची बाई. त्या महिन्यात दुसरं कुणी आलं नाही, दोघं मेले आणि एक मूल जन्मलं.

आमचं गाव म्हणजे एका ओढ्याच्या काठानं लांबलेली घरांची ओळ. चर्च, शाळा, दुकान, गुत्ता, पोस्ट आणि कचेरी, सगळं खाली, समुद्रसपाटीपासून चारशे शहाऐंशी मीटरवर. निम्मं गाव मात्र वरच्या उतारांवर, वाड्यावाड्यांनी विखुरलेलं. कुठे पाच घरं, कुठे दोन, कुठे एकच. ज्याचं घराणं त्याची वाडी. सगळ्यांत लांबची हुदेकांची वाडी, सातशे नव्वद मीटरवर, खिंडीच्या पलीकडे. आमच्या अंगणात पडलेला पाऊस ह्रोन नदीला जातो, हुदेकांच्या अंगणातला इपेलला. तरी ते आमच्याच गावचे. चर्चचा कर इथंच देतात आणि पुरायलाही इथंच आणतात.

अशा गावात एतेलकाकू आल्या त्या डॅन्यूबच्या काठावरून, जिथं जमीन ताटासारखी सपाट आहे. त्याआधीच्या वर्षी, जूनमध्ये, डॅन्यूबनं बांध फोडला होता आणि दक्षिणेकडची मग्यार, म्हणजे हंगेरियन, लोकांची गावंच्या गावं पाण्यात गेली होती. तिकडची घरं मातीच्या कच्च्या विटांची. पाण्यात ती पडली नाहीत, विरघळली. घरं पुन्हा उभी करायला देशभरातून गवंडी-सुतार गेले, त्यांत आमचा मातुश मेलिख होता. एका मग्यार विधवेच्या घरावर छप्पर घालताना त्यानं तिची मुलगी पाहिली. त्या छपराला तीन आठवडे पुरले असते, मातुशला सात लागले, असं त्याचे सोबती सांगायचे. पुढच्या वर्षी लग्न झालं.

नव्या सुनेनं डोंगर कधी पाहिलाच नव्हता. पहिले काही दिवस त्या सकाळी दाराबाहेर यायच्या, इकडे बघायच्या, तिकडे बघायच्या आणि आत जायच्या. सासू मारिनाबाई कडक. त्यांनी एकदा विचारलं, काय हरवलंय? तर सून म्हणाली, "आभाळ." तिकडे दार उघडलं की चहूकडे जमिनीला टेकलेलं आभाळ. आमच्याकडे डोक्यावर एक पट्टी, आणि डिसेंबरात तर सूर्य साडेदहाला डोंगरावर चढतो नि अडीचला पलीकडे उतरतो.

भाषेची तऱ्हा याहून वाईट. मग्यार भाषेत तो, ती, ते सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे. त्यामुळे काकूंना आमच्या स्लोव्हाक भाषेतलं कोण पुल्लिंगी नि कोण स्त्रीलिंगी हे काही केल्या उमजेना. दुकानात रांग लागलेली असताना त्यांनी एकदा खणखणीत आवाजात सांगितलं, "काल पाद्रीबाबा आमच्याकडे आली होती. कॉफी प्याली, केक खाल्ली आणि गेली."

दुकानदारीणबाईंनी हसू दाबत विचारलं, "बरं, आणि तुमची गाय कशी आहे?"

"तो बरा आहे. पण दूध कमी देतो."

माझी आई तेव्हा त्या रांगेत होती. घरी येऊन ती इतकी हसली की तिच्या हातून अंडी फुटली. नंतर बिचारी म्हणाली, हसायला नको होतं, पोरीचे कान लाल झाले होते. पण गाव हसलं. पुढे वर्षभर पाद्रीबाबांच्या पाठीमागे 'पाद्रीबाबा आली' असंच म्हणत.

सासूसुनेचं स्वयंपाकघरात जमेना. सून प्रत्येक सारात लाल तिखट घालायची. मारिनाबाईंनी पहिल्यांदा घोट घेतला आणि खोकून खोकून म्हणाल्या, हे सार आहे की वणवा? दुसऱ्या दिवशी त्यांनी तिखटाचा डबा फळीच्या अगदी वर ठेवला. सून उंचीनं त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सासरे अदाम मेलिख दिवसातून दहा शब्द बोलणारे. एका रविवारी त्यांनी सुनेला बोलावलं, ओढ्याच्या काठी नेलं आणि काठीनं पाणी दाखवलं. म्हणाले, "हा ओढा ह्रोनला जातो. ह्रोन तुमच्या डॅन्यूबला मिळते. हे पाणी तुझ्या माहेरी जातं. करमलं नाही की इथं येऊन बस." एवढं बोलून ते परत फिरले. काकू तिथं बराच वेळ बसून राहिल्या. पुष्कळ वर्षांनी आमच्या शाळेतल्या मास्तरांनी नकाशा दाखवून त्यांना सांगितलं की ह्रोन डॅन्यूबला मिळते ती तुमच्या माहेराच्या खूप खाली. हे पाणी तुमच्या गावावरून कधी जातच नाही. काकू म्हणाल्या, मास्तर, ती नदी माझ्या दारातून वाहायची, मला का ठाऊक नव्हतं? पण सासऱ्यांनी एवढं मनापासून दिलेलं, ते परत कसं करायचं?

१९६८ साली मुलगी झाली, दोरोता. पुढच्या वर्षी गावच्या टपालवाल्याचे गुडघे गेले. खालच्या गावात टपाल वाटायला कुणीही तयार होतं, वाड्यांवर जायला कुणीच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी एकोणीस किलोमीटरची चाल, बर्फ असो की चिखल. डोंगरात वाढलेल्या गड्यांनी नको म्हटलेलं ते काम सपाटीवरच्या बाईनं घेतलं. मारिनाबाई म्हणाल्या, आठ दिवसांत पाय धरून बसशील. काकूंनी ते काम बत्तीस वर्षं केलं.

आमची भाषा त्या तिथंच शिकल्या, पाकिटांवरच्या पत्त्यांतून आणि म्हाताऱ्यांच्या पत्रांतून. वाड्यांवर डोळे गेलेली माणसं पुष्कळ. पत्र आलं की ती काकूंनाच वाचायला सांगत, आणि उत्तरही त्यांच्याच हातानं लिहून घेत. प्रागला नोकरीवर गेलेल्या मुलांना आपल्या आईचं पत्र मग्यार वळणाच्या अक्षरात यायचं. काकूंच्या पिशवीत टपालापेक्षा इतर जिन्नस जास्त असत: खोकल्याचं औषध, पावाचं यीस्ट, दुरुस्त होऊन आलेला चष्मा, एकदा तर कोंबडीची चार पिलं. कुणाचं काय दुखतं, कुणाच्या चुलीतून धूर निघाला नाही, हे खालच्या गावाला त्यांच्याकडूनच कळायचं. स्त्राकांच्या वाडीवरची विधवा आजी घसरून दोन दिवस पडवीत पडली होती, ती वाचली ती टपालामुळे. तिला पत्र नव्हतं. काकूंनी आपलं डोकावून पाहिलं, इतकंच.

फक्त एका घराचं दार त्यांना उघडत नसे. हुदेकांच्या वाडीवर तेव्हा एकटा योनाश हुदेक उरला होता. १९३९च्या वसंतात सरहद्दीवर त्याच्या थोरल्या भावाला मग्यार शिपायांची गोळी लागली होती. योनाश तेव्हा एकोणीस वर्षांचा. पुढे आईबाप गेले, त्यानं लग्न केलं नाही, आणि तो राग तसाच घरात राहिला. काकू खिंड ओलांडून जायच्या तेव्हा तो कुंपणाशी येऊन उभा राही, म्हणे, "ठेव तिथं," आणि त्या खांबावर पत्र ठेवून परतायच्या. पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. मी त्यांना एकदा विचारलं की तुम्हाला राग येत नाही का? त्या म्हणाल्या, तो कुंपणापर्यंत येतो ना. घरातूनही ओरडू शकला असता.

१९७४ साली मातुश गेला. जंगलात झाड पाडताना ते भलत्याच बाजूला, त्याच्या अंगावर कलंडलं. काकू एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. अदामबाबा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. घरात उरल्या सासू, सून आणि सहा वर्षांची दोरोता.

महिन्याभरानं काकूंचा भाऊ काल्मान ट्रक घेऊन आला. माहेरी आता पक्क्या विटांचं घर होतं, तिथं एक खोली रिकामी होती. तिकडे सगळे आपल्या भाषेचे, आपल्या रक्ताचे. इथं काय ठेवलंय? त्याचं काही चुकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकूंनी लाकडी पेटी खाली काढली. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. जा असं कुणी म्हणेना, राहा म्हणायला जीभ उचलेना. आपण हिला काय दिलं, असं ज्याच्या त्याच्या मनात.

मारिनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काल्माननं पेटी उचलली तशा त्या म्हणाल्या, "जायचं असेल तर जा, पोरी. पण मग मलाही ने. मी इथं एकटी कुणाशी भांडू?"

काल्मानला आमची भाषा नीट कळत नव्हती. त्यानं बहिणीला विचारलं, म्हातारी काय म्हणते? काकूंनी त्याला सांगितलं, पेटी आत ठेव. मग त्या सासूच्या गळ्यात पडून रडल्या; नवरा गेल्यावर पहिल्यांदाच. काल्मान दोन दिवस आणखी राहिला, गवत कापून दिलं आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. रिकामा म्हणजे, मारिनाबाईंनी त्यात सहा पोती बटाटे भरून दिले होते. त्या म्हणाल्या, तिकडे सपाटीवर कसले बटाटे होतात?

आता १९९१ची गोष्ट. कम्युनिस्टांचं राज्य गेलं होतं, आणि मार्चच्या सुरुवातीला देशभर शिरगणती होती. कचेरीतर्फे ते काम माझ्याकडे आलं. गावाचे मी तीन भाग केले. खालचे दोन शाळेतल्या बाईंना आणि मला. वाड्यांचा भाग कुणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. तेवीस घरांची कुत्रीसुद्धा काकूंना ओळखत होती.

पण तो काळ वाईट होता. वर्तमानपत्रं रोज स्लोव्हाक विरुद्ध मग्यार असंच काहीतरी छापायची. ज्यांनी आयुष्यात एकच मग्यार माणूस पाहिला, आणि त्याच्या हातून बावीस वर्षं टपाल घेतलं, तीही माणसं गुत्त्यात बसून मग्यारांनी हे केलं नि ते केलं म्हणू लागली. एका संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, आपली माणसं मोजायला आपल्याला एक स्लोव्हाक मिळू नये? योनाश हुदेक सामान न्यायला खाली आला होता. त्यानं ग्लास ठेवला आणि म्हणाला, मी तर दारच उघडणार नाही.

हे कबूल करायला मला लाज वाटते, पण मी घाबरलो. कटकट नको म्हणून काकूंकडे गेलो आणि म्हणालो, यंदा वाड्या मी करतो, तुम्ही खालचा भाग घ्या. त्या बटाटे सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"कामिल, तुला स्त्राकांच्या वाडीची वाट दाखवायला कोण येणार? मीच ना? मग आपण दोघं कशाला जायचं?"

विषय संपला. दोरोता तेव्हा तालुक्याच्या इस्पितळात परिचारिका होती, त्या दिवशी घरी आली होती. ती मला बाहेर सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, आईला सांग, स्वतःच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वापुढे स्लोव्हाक लिही म्हणावं. मी सांगून दमले. एका माणसासाठी उगाच वेगळा रकाना कशाला? मलाही ते पटलं, आणि मी सांगितलं. काकू म्हणाल्या, बघू.

चार दिवसांत बावीस घरं झाली. प्रत्येक घरी बसावं लागलं, काहीतरी खावं लागलं. पाचव्या दिवशी त्या खिंड ओलांडून हुदेककडे गेल्या. धुराड्यातून धूर येत होता, दार बंद. त्यांनी हाक मारली, अर्धा तास कुंपणाशी थांबल्या, उद्या येते म्हणून ओरडून सांगितलं आणि परतल्या.

दुसऱ्या दिवशी कागद गोळा करायची मुदत संपत होती. त्यात पहाटे पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर धरला होता. मी सांगून पाहिलं की एक घर राहू द्या, मी वरून 'गैरहजर' लिहितो. काकू म्हणाल्या, तो हजर आहे. खोटं कसं लिहिणार? आणि पिशवी पोटाशी बांधून निघाल्या.

खिंडीच्या पलीकडे, घर दिसायला लागतं त्या वळणावर, त्यांचा पाय सटकला. त्या दहा-बारा मीटर खाली घसरत गेल्या आणि एका बीच झाडाच्या बुंध्याला अडकल्या. घोट्याच्या वर हाड मोडलं. उठता येईना. हाक मारून आवाज बसला. थंडीनं बोटं बधिर झाली तेव्हा हुदेकचं कुत्रं तिथं आलं. ते त्यांना बावीस वर्षं ओळखत होतं, किंवा त्याची आई तरी ओळखत होती. ते भुंकत राहिलं, आणि काही वेळानं लाकडं ओढायच्या घसरगाडीला घोडी जुंपून योनाश हुदेक उतारावर आला. त्यानं काकूंना उचललं, गाडीवर ठेवलं, वर आपला मेंढीच्या कातड्याचा कोट टाकला आणि घरी नेलं.

त्या घरात काकू पहिल्यांदाच गेल्या. त्यानं त्यांना चुलीजवळच्या बाकावर निजवलं, दोन फळकुटं लावून पाय बांधला आणि प्लमची दारू दिली. जंगलात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात. पुढे डॉक्टरही म्हणाले, बांधणी चांगली होती. घोडीला जरा दम देणं भाग होतं, खिंड चढायची होती. तेवढ्यात काकूंनी पोटाशी बांधलेली पिशवी सोडली.

"आता आत आलेच आहे, तर तुमचा कागद भरून घेते, काका."

"पाय मोडला, पण जीभ शाबूत आहे तुझी."

"जिभेवरच तर नोकरी चाललीय. जन्मसाल?"

त्यानं सांगितलं. खोल्या दोन. पाणी विहिरीचं. वीज आहे. घरात राहणारी माणसं किती, या प्रश्नाला त्यानं एक असं सांगितलं. राष्ट्रीयत्व स्लोव्हाक. "आणि पुल्लिंगी लिही," तो म्हणाला. म्हणजे दुकानातली ती गोष्ट खिंडीपलीकडेही पोचली होती.

त्यानंतरचं बोलणं मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात थोडाफार फरक आहे. पण मुख्य ते असं. कागद घडी करताना हुदेकनं विचारलं, "तुझ्या कागदावर काय लिहिलंस?"

"अजून कोराच आहे. लेक म्हणते स्लोव्हाक लिही. मीही तेच ठरवलंय. उगाच लोकांच्या डोळ्यांवर कशाला यायचं?"

हुदेकनं चुलीत लाकूड सारलं. पाठमोराच म्हणाला, "माझा भाऊ तुमच्या शिपायांनी मारला."

"ठाऊक आहे, काका."

"तू मग्यार आहेस हे बावीस वर्षांत मी एक दिवस विसरलो नाही. तूही कधी लपवलं नाहीस. बर्फात आलीस, उन्हात आलीस, पत्र ठेवून गेलीस. आणि आता कागदावर लपवणार? जे आहेस ते लिही. आमच्या गावची मोजणी खोटी नको."

काकू मला पुढे म्हणाल्या की, हाड मोडलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, पण हे ऐकून त्यांना चेहरा कोटाच्या कॉलरमध्ये लपवावा लागला. तो 'आमच्या गावची' म्हणाला होता, आणि त्यांना त्यात धरून म्हणाला होता.

दुपारी दोनच्या सुमाराला घसरगाडी गावात उतरली. योनाश हुदेक लगाम धरून पुढे चालत होता, अंगात नुसता सदरा, आणि गाडीवर त्याच्या कोटात गुंडाळलेल्या काकू. गुत्त्यातली माणसं बाहेर आली. ज्यानं आपल्याला एक स्लोव्हाक मिळू नये का असं विचारलं होतं, त्यानंच धावत जाऊन तालुक्याला फोन लावला. इस्पितळाची गाडी येईपर्यंत आम्ही काकूंना कचेरीतल्या बाकावर बसवलं. त्यांनी पिशवीतून तेवीस घरांचे कागद काढून माझ्या हातात मोजून दिले. एकही भिजला नव्हता. मग स्वतःचा कागद मागून घेतला, टेबल नव्हतं म्हणून माझ्या रजिस्टरावर ठेवला आणि सावकाश भरला. राष्ट्रीयत्वापुढे त्यांनी मग्यार लिहिलं. हुदेक दाराशी उभा होता. त्यानं कोट परत घेतला नाही, म्हणाला, इस्पितळात थंडी असते.

प्लास्टर सात आठवडे होतं. त्या सात आठवड्यांत मी जे पाहिलं, त्यासाठी मी या गावाचा आजही ऋणी आहे. तालुक्यातून बदली टपालवाला आला, त्यानं पहिली वाडी बघितली आणि आजारपणाची रजा टाकली. मग वाड्यांवरची माणसंच पाळीपाळीनं खाली येऊ लागली आणि आपापल्या वाटेवरच्या सगळ्यांचं टपाल घेऊन जाऊ लागली. येताना मेलिखांच्या घरी चक्कर. कुणी मेंढीचं चीज आणलं, कुणी खसखशीचा केक, स्त्राकांच्या नातवानं महिनाभराची लाकडं फोडून रचली. पाद्रीबाबांच्या बायकोनं दर शनिवारी घर झाडलं. मारिनाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. त्या सगळ्यांना दारातच दरडावायच्या की मी काय मेले आहे का, आणि चीज आत घ्यायच्या.

हुदेक मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, अगदी टपालाच्या दिवशी. सुरुवातीला तो कुंपणाशीच थांबला. मारिनाबाई खिडकीतून म्हणाल्या, योनाश, आमच्याकडे पत्रं घरात द्यायची पद्धत आहे. मग तो आत आला. काकूंनी लाल तिखट घातलेलं कोबीचं सार त्याच्यापुढे ठेवलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले, तरी त्यानं ताट पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं. पुढे प्लास्टर निघालं तरी तो येत राहिला. त्याचा नि मारिनाबाईंचा पत्त्यांचा डाव बसू लागला. दोघंही लबाडी करायची आणि दोघंही पकडली जायची. गावात चेष्टा व्हायची की चर्चमध्ये लग्नाची घोषणा कधी?

शिरगणतीचे आकडे दीड-दोन वर्षांनी छापून आले. याव्रिंका: एकूण तीनशे त्रेचाळीस. स्लोव्हाक तीनशे बेचाळीस, मग्यार एक. मी ते पान कचेरीच्या फळ्यावर लावलं. त्या संध्याकाळी गुत्त्यात कुणीतरी म्हणालं, आता आपल्याकडेही अल्पसंख्याक आहेत, म्हणजे गाव मोठं झालं म्हणायचं. आणि काकूंच्या नावानं सगळ्यांनी एकेक ग्लास घेतला. राष्ट्रीयत्वाबद्दलचं बोलणं मी त्या गुत्त्यात पुन्हा फारसं ऐकलं नाही. वर्तमानपत्रं मात्र छापतच राहिली.

मारिनाबाई १९९३ साली गेल्या, सुनेचा हात धरून. हुदेक अठ्ठ्याण्णवला. त्याला जवळचं कुणी नव्हतं, म्हणून शवपेटीमागून सगळ्यांत पुढे काकू चालल्या. त्यांनी आणलेल्या फुलांच्या चक्राच्या फितीवर एक ओळ मग्यार भाषेत होती. महिनाभर पावसात ती फीत त्या थडग्यावर होती. कुणी हात लावला नाही.

त्यानंतर गाव उताराला लागलं, तसं सगळीकडेच लागलंय. शाळा बंद झाली, मग पोस्ट. वाड्यांवरच्या तेवीसपैकी चौदा घरांत आता राजधानीतले लोक शनिवार-रविवार येतात, मांस भाजतात आणि जातात. २०२१ची शिरगणती संगणकावर झाली, कुणी कुठे चालत गेलं नाही. आम्ही एकशे एकोणीस भरलो. मी हळहळत आकडा सांगितला तेव्हा काकू म्हणाल्या, एकशे एकोणीसजणांना 'काय, बरं आहे ना' विचारायला निघालं तरी दोन दिवस जातात. कमी कुठं आहे?

गेल्या सप्टेंबरात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात जेवण ठेवलं. दोरोता नवरा-मुलांसह आली, आणि माहेराहून काल्मानची दोन मुलं, सुना, नातवंडं अशी बसभर माणसं आली. त्यांनी मोठ्या कढईत माशांचा लाल रस्सा केला, आमच्या बायकांनी बटाट्याचे गोळे मेंढीच्या चीजमध्ये घोळवले, आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं खाऊन नाकं पुसली. जेवताना थोरल्या भाच्यानं काकूंना विचारलं की आत्या, त्या वेळी बाबा ट्रक घेऊन आले होते, तुला कधी वाटलं नाही की जायला हवं होतं?

त्यांनी आधी त्याच्या भाषेत उत्तर दिलं. मग सगळे बघतायत हे पाहून आमच्याही भाषेत दिलं.

"वाटलं ना. पहिली काही वर्षं रोज वाटायचं. पण या लोकांनी मला पाहुणी कधी मानलं नाही. आधी परकी मानलं आणि मग घरची. मधलं काही नाही. पाहुणी मानलं असतं तर मी निघून गेले असते." मग म्हणाल्या, "मी यांची फार उपकृत आहे. रस्सा गार होतोय, जेवा."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे आम्हाला कळेना, म्हणून आम्ही जेवलो. नंतर अकॉर्डियन निघालं. काकू दोन नाच नाचल्या, एक भाच्याबरोबर आणि एक माझ्याबरोबर. माझा श्वास आधी संपला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पाहुण्यांची बस दुपारी निघायची होती, आणि काकूंच्या परसातले बटाटे अजून काढायचे होते. सकाळी सातला मी फावडं घेऊन गेलो तर भाचे, त्यांच्या बायका, पाद्रीबाबांची मुलगी, सगळी आधीच वाकून कामाला लागलेली. यंदा पाऊस वेळेवर झाला होता. अकरापर्यंत आम्ही चौदा पोती भरली, आणि त्यातली सहा काकूंनी बसमध्ये ठेवायला लावली.